माझे चुकीचे उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्या लेखनिक भगिनीस

स. न. वि. वि.

पत्रात नाव नको, असे तुम्ही बजावले होते, म्हणून भगिनी एवढेच लिहितो. ताई म्हणावे, तर तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी दृष्टिहीन; एम.ए. अर्थशास्त्राच्या चारही पेपरांना मी सांगितलेली उत्तरे लिहून घेणाऱ्या माझ्या लेखनिक तुम्ही होतात. शेवटच्या दिवशी बसथांब्यावर घाईघाईत मानलेले आभार फारच तोकडे होते, ही रुखरुख निकाल लागल्यावर अधिकच जाणवू लागली.

तुमच्याआधी मी अकरा जणांना फोन केले होते. दृष्टिहीन परीक्षार्थीला लेखनिक देणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 मध्ये ही सोय नमूद आहे, आणि केंद्र सरकारच्या तेव्हा लागू असलेल्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळही मिळत होता. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी जिल्हा, विभाग किंवा राज्य पातळीवर लेखनिकांची यादी करावी, हा मार्गही त्याच सूचनांनी दाखवला होता. माझ्या वाट्याला मात्र यादी नव्हे, तर ‘तुमचा लेखनिक तुम्हीच आणा’ एवढे उत्तर आले. स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे, ही अट त्या सूचनांत असल्यामुळे दोन वर्षे मला पुस्तके वाचून दाखवणारे शेजारचे निवृत्त शिक्षक बाद ठरले, पदवीधर मित्रही बाद ठरले, आणि उरलेल्या बारावी झालेल्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यांत होत्या. परीक्षार्थी लबाडी करणारच, असे गृहीत धरून केलेला हा नियम होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला; पहाटेच्या एस.टी.ने यायचात. (अर्धे तिकीट लागले, ते महिला सन्मान योजनेमुळे, लेखनिकासाठी अशी सवलत मला तरी कोणी सांगितली नाही.) तीन तासांचा पेपर आपल्यासाठी चार तासांचा होता. आकृती काढायची तर ‘उभ्या अक्षावर व्याजदर, आडव्या अक्षावर उत्पन्न, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरती’ असे मी सांगायचो आणि रेषा कोठे छेदते, हे तुम्ही विचारून घ्यायचात. स्वतःच्या अंदाजाने तुम्ही एक बिंदूही दिला नाहीत. पर्यवेक्षक दर दहा मिनिटांनी बाकाजवळ येऊन थांबत, तेव्हाही तुमचा आवाज बदलला नाही.

तिसऱ्या पेपरात सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा वाटा) 0.8 दिलेली असताना गुणक, म्हणजे गुंतवणूक वाढली की एकूण उत्पन्न तिच्या कितीपट वाढते तो आकडा, किती, असा प्रश्न होता. एकातून 0.8 वजा केल्यावर 0.2 उरतात आणि एकाला त्याने भागले की गुणक 5 येतो, हे मी शेकडो वेळा केलेले गणित. त्या दिवशी मी 4 सांगितले. प्रत्येक उत्तर झाल्यावर तुम्ही ते परत वाचून दाखवत होतात, तसेच हेही वाचलेत, त्याच संथ सुरात, चारवर ना थांबता ना जोर देता. माझ्या लक्षात आले नाही. बाहेर आल्यावर चूक उमगली, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, ‘सर, मला आकडा खटकला होता, पण तो बदलणे माझे काम नव्हते.’

माझे खरे आभार त्या वाक्यासाठी आहेत. वाचून दाखवणारे, रस्ता ओलांडून देणारे, फॉर्म भरून देणारे अनेक भेटतात आणि बहुतेकांना माझ्या वतीने ठरवूनही टाकायचे असते. बँकेत तर माझ्याशी न बोलता माझ्या सोबत्यालाच प्रश्न विचारले जातात. तुम्ही मला माझ्या उत्तरपत्रिकेचा पूर्ण मालक राहू दिलेत, चुकीसह. त्या पेपरात 58 गुण आले आहेत आणि ते सगळे माझेच आहेत.

पुढच्या सत्रात तुमचीही परीक्षा असल्याने तुम्हाला गळ घालणार नाही. लेखनिकांच्या यादीसाठी मी विद्यापीठाकडे लेखी अर्ज केला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमुखांपर्यंत ती पोहोचवलीत, तर आणखी एक उपकार होईल.

आपला ऋणी,
एक परीक्षार्थी