ताई, पुरातही वाट दिसते ती तुझ्यामुळे

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तू बजावलंस, म्हणून नुसतं ताईच म्हणतो. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. नाशिकमध्ये जी पोरं जॉमेट्री डॅशच्या लेव्हल बनवतात, त्यांच्यापर्यंत तुझं म्हणणं पोचायला हवं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉबर्ट टोपाला या स्वीडिश माणसाने तो २०१३ मध्ये आणला. ठोकळा आपला आपण धावतो, साध्या वेगातही सेकंदाला दहाएक ब्लॉक. आपल्या हातात फक्त टॅप, म्हणजे उडी; काट्यावर आदळला की ठोकळा मेला. एडिटर गेममध्येच असल्यामुळे कुणीही लेव्हल रचू शकतो, पण ती स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून व्हेरिफाय केल्याशिवाय अपलोड होत नाही. अट चांगलीच आहे. तरी तिच्यातून एवढंच कळतं की लेव्हल पार होते. बनवणाऱ्याला प्रत्येक उडी तोंडपाठ असते, त्याला रस्ता दिसणारच. नव्या माणसाला दिसतो का, हे नवा माणूसच सांगणार.

तो नवा माणूस तू झालीस. गेमशी तुझा संबंध नाही, तू चित्रकलेची. तरी माझी गोदाघाटाच्या पुराची लेव्हल घेऊन बसलीस, पुन्हा पुन्हा मेलीस आणि दर वेळी फोन खाली ठेवून नेमकं विचारलंस, "इथे मी कशाला आपटले?"

रामकुंडावर द्रोणातून सोडतात ते दिवे मी पाण्यावर तरंगत ठेवले होते. पिवळे, गोल, ग्लो असलेले. तू प्रत्येक दिव्यावर टॅप केलंस. बरोबरच होतं तुझं, कारण या गेममध्ये पिवळा गोल म्हणजे ऑर्ब, हवेत असताना त्यावर टॅप केलं की उडी मिळते. दुसऱ्या कुणी दिवे काढून टाक म्हटलं असतं. तू ते जमिनीच्या रेषेखाली, पाण्याच्या आत उतरवलेस, ग्लो काढून शेंदरी केलेस आणि खऱ्या ऑर्बच्या दिशेने हळूहळू दाट होत जातील असे मांडलेस. आता तेच दिवे नजरेला ऑर्बपर्यंत घेऊन जातात.

मग स्क्रीनशॉट काळापांढरा करून दाखवलास. रंग गेल्यावर घाटाचा दगड आणि काटे एकमेकांत मिसळून गेले होते! तेव्हा मागची देवळं पावसाच्या धुक्यात फिकी केली आणि सगळ्यात जास्त गडद-उजळ फरक ठोकळा धावतो त्याच पट्ट्यात ठेवला. काळारामाचा काळा दगड धुक्यात घालवायला माझं मन तयार नव्हतं, पण आता तो जास्त देखणा दिसतो, असं मला मनापासून वाटतं.

दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदापात्रातली ती मूर्ती, ही तर तुझीच कल्पना. पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. तू म्हणालीस, तो एकदाच शोभेला उभा करण्यापेक्षा तीनदा येऊ दे: पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला. दर वेळी त्याच्यापाठोपाठ वेग वाढवणारा पोर्टल. एकही अक्षर न लिहिता खेळणाऱ्याला कळतं की आता सांभाळायचंय. नाशिकबाहेरच्यांनाही दुसऱ्या वेळेपर्यंत ते उमगतं, हे मी पाहिलंय.

लहान भावाच्या जुन्या फोनवर लेव्हल अडखळते हेही तूच दाखवलंस. पावसाच्या सरी आणि फेस हाय डिटेल म्हणून खूण करून ठेवलेत, लो डिटेल मोड लावला की ते गायब होतात. काटे, ऑर्ब आणि मारुती मात्र राहतात. काय राहायलाच हवं, ही यादी करताना लेव्हलचं खरं चित्र कोणतं ते मला पहिल्यांदा कळलं.

गेममधलं तुला काही येत नाही म्हणून तू संकोचत होतीस. ताई, तुझ्या त्या कोऱ्या नजरेचीच मला गरज होती. तू माझ्या चित्रातलं काहीही कमी केलं नाहीस, प्रत्येक गोष्टीला काम दिलंस. त्यासाठी आपल्या सुट्टीच्या दुपारी माझ्यावर घालवल्यास, याबद्दल मनापासून आभार.

पांडवलेण्यांच्या लेव्हलचा लेआउट तयार आहे. नुसते ब्लॉक आणि काटे, डेको (सजावट) शून्य. रंग लावायच्या आधी तू खेळून बघ. रविवारी येशील का?

तुझा धाकटा मित्र,
नाशिक