टर्मिनल अनेक, निवड कोणाची?

‘बंदरांतील सेवांचे दर बाजारावरच सोडा’ असे सुचवणारा लेख वाचला. स्पर्धेने दर उतरतात हे मान्य. पण ही स्पर्धा सोलापूरपर्यंत पोचते का? न्हावाशेवा बंदरात टर्मिनल, म्हणजे कंटेनर जहाजावर चढवण्या-उतरवण्याचे धक्के, अनेक असली, तरी आमच्या टॉवेलांचा कंटेनर कुठल्या टर्मिनलवर चढणार हे जहाज कंपनी ठरवते. हाताळणीचे शुल्कही तीच आमच्याकडून वसूल करते. गेल्या महिन्याच्या बिलात भाड्याखाली कागदपत्रे, सील, हाताळणी अशा सात ओळी होत्या. त्यातले टर्मिनलला किती गेले, असे विचारल्यावर ‘तो पॅकेज रेट आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

पूर्वी प्रमुख बंदरांचे दर ‘टॅम्प’ हे प्राधिकरण ठरवत असे. २०२१ च्या कायद्याने तो अधिकार बंदरांच्या मंडळांकडे गेला आणि नव्या खासगी टर्मिनलांना बाजारानुसार दर लावण्याची मुभा मिळाली. जुनी पद्धत परत आणा, असे माझे म्हणणे नाही; ‘टॅम्प’चे आदेशही कोर्टात अडकतच. मात्र टर्मिनलने जहाज कंपनीकडून घेतलेली रक्कम आणि कंपनीने आमच्याकडून घेतलेली रक्कम, या दोन्ही रकमा बिलावर शेजारी-शेजारी छापणे सक्तीचे करावे.

– एक टॉवेल निर्यातदार, सोलापूर