सूचना : रविवारी घरोघरी प्लग-सॉकेटची तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 या वेळेत सोसायटीचे परवानाधारक वायरमन प्रत्येक घरातले सॉकेट आणि थ्री-पिन प्लग तपासतील. घरी कोणीतरी मोठं माणूस असावं.

तपासायचं मुख्य म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) उलटे जोडलेत का. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. हे उलटं असलं तरी मिक्सर फिरतो, इस्त्री तापते, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. पण मग बटण न्यूट्रल तोडतं आणि बंद दिसणाऱ्या उपकरणात 230 व्होल्ट तसेच राहतात. साफसफाई करताना शॉक बसतो तो असा. टेबललॅम्पचा बल्ब बदलताना तर हमखास.

- बटण बंद असताना टेस्टर सॉकेटच्या कुठल्याही भोकात पेटला, तर ते सॉकेट वापरू नका, आम्हाला कळवा.
- नवीन वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्यात लाल, काळी, हिरवी. प्लगच्या पिनांकडून पाहिलं तर डावं-उजवं बदलतं, चूक बहुतेक तिथेच होते; प्लगच्या आतली एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थिंग) ही अक्षरं पाहूनच वायर जोडा.
- अर्थिंगची पिन काढून टाकलेले प्लग बदलावेच लागतील.
- स्वतः सॉकेट उघडू नका, कृपया.

तपासणीचा खर्च सोसायटीचा. नवीन प्लगचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

– सचिव