फाळके नुसते दिग्दर्शक नव्हते, निर्माते होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

3 मे, म्हणजे राजा हरिश्चंद्र ह्या फाळक्यांच्या पहिल्या पिक्चरच्या प्रदर्शनाचा दिवस, त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत दादासाहेब फाळक्यांवर आलेला लेख वाचला, छानच होता, पण पूर्ण लेखात त्यांना दिग्दर्शक, कलावंत, द्रष्टे असं सगळं म्हटलंय आणि निर्माता हा शब्द जेमतेम एकदा आलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या माणसाचं सगळं आयुष्य पैसा उभा करण्यात गेलं आणि तेच आपण सांगत नाही. मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा हिशेब बरीच वर्षं बघतोय, त्यामुळे असेल कदाचित, पण मला त्यांच्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त भिडतो.

बघा ना, 1912 ला लंडनला जायचं तर विमा पॉलिसी गहाण. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन घेऊन परत आले, पण पिक्चरवर पैसा घालणार कोण? मग काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं शूट करत बीचं रोप होताना दाखवणारी छोटी फिल्म तयार केली आणि ती दाखवून भांडवल मिळवलं. आजची पोरं निर्मात्याला दाखवायला शोरील घेऊन फिरतात, तेच हे, शंभर वर्षांपूर्वीचं! आणि तरीही कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंबद्दल तर वेगळा लेख व्हायला पाहिजे. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची, ती भोकं घरी पाडावी लागायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खराब. हिशेब करून बघितला. एका फुटात 16 फ्रेम, प्रत्येक फ्रेमला एका कडेला 4 भोकं, म्हणजे फुटाला 64. राजा हरिश्चंद्र साधारण 3,700 फूट. म्हणजे नुसत्या एका कडेची 2 लाख 36 हजारांवर भोकं झाली, दुसरी कड, वाया गेलेली फिल्म, प्रिंट हे सगळं धरलंच नाही अजून. दिवसभर युनिटच्या सगळ्या लोकांचा स्वयंपाक, उन्हात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि रात्री अंधारात हे काम, त्यात पदरात लहान मुलं. आजच्या भाषेत ही बाई सहनिर्माती होती, दुसरा शब्दच नाही.

पिक्चर विकायचं डोकंही फाळक्यांना होतं. सुरतला राजा हरिश्चंद्रचा पहिल्या दिवशी गल्ला झाला फक्त 3 रुपये. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून घरी आला असता. ह्यांनी जाहिरात केली की 57 हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यात! गर्दी झाली. पुढे 1917 च्या त्यांच्या लंकादहन पिक्चरला तर गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात.

पण मला जास्त चटका लावतं ते राजा हरिश्चंद्रनंतर पैशापायी जे झालं ते. 1914 ला परत लंडनला गेले तेव्हा तिथेच राहून पिक्चर करायची ऑफर होती, ती त्यांनी नाकारली, मला हे भारतातच करायचंय म्हणून. परत येतायत तोवर महायुद्ध सुरू झालं, पैसा लावणारे मागे सरकले, डोक्यावर कर्ज. शेवटी 1918 ला भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली आणि इथेच स्वतंत्रपणा संपला. खर्च किती, वेळ किती लागणार ह्यावरून भागीदारांशी खटके उडायला लागले, तेव्हा फाळके सगळं सोडून काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिलं, आणि मग परत आले ते त्याच कंपनीत पगारावर. ज्याने हा धंदा ह्या देशात उभा केला तो पगारदार! भागीदार वाईट होते असं मी म्हणत नाही, त्यांचा पैसा होता, त्यांना हिशेब पाहिजेच. पण घरचे दागिने मोडून पिक्चर काढणाऱ्या माणसाला प्रत्येक खर्चाला परवानगी मागावी लागली तर काय वाटत असेल ते मी समजू शकतो. बोलपट आल्यावर तर सगळंच मागे पडलं, 1937 चा गंगावतरण हा शेवटचा, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला, आणि 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले.

तर विनंती अशी की पुढच्या वर्षी 3 मे ला लेख छापाल तेव्हा फोटोखाली 'निर्माते दादासाहेब फाळके' असं लिहा आणि त्याच्या शेजारी सरस्वतीबाईंचा फोटो त्याच साइजमध्ये, नावासकट द्या.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक