पारितोषिक 'उपयोग नाही' या उत्तरालाही हवे

महोदय,

खांदा व कोपर शस्त्रक्रियेतील फेलोशिप म्हणजे अस्थिरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर, बहुधा वर्षभर, अनुभवी शल्यचिकित्सकाच्या हाताखाली घेतलेले प्रशिक्षण. त्यात हात तयार होतो, हे खरे. पण कोणावर शस्त्रक्रिया करू नये हे उमगणे मला अधिक मोलाचे वाटते.

अमेरिकेतील या शाखेच्या संघटनेचा संशोधन पुरस्कार चार्ल्स नीर यांच्या नावाचा आहे. याच नीर यांनी १९७२ मध्ये खांद्यातील स्नायुबंधावर दाब देणारे हाड तासण्याची पद्धत मांडली आणि ती सर्वत्र रूढ झाली. पुढे ब्रिटनमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, हाड तासलेल्या रुग्णांना, केवळ दुर्बिणीने सांधा तपासलेल्या रुग्णांपेक्षा म्हणण्यासारखा अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

पारितोषिक देताना नव्या कृत्रिम सांध्याइतकेच वजन अशा निष्कर्षांनाही मिळावे, आणि प्रत्येक फेलोला निदान एका चाचणीतील रुग्णांचा पाठपुरावा करू द्यावा. वर्षभरात तो पुरा होत नाही, ही अडचण आहेच. मग काम पुढच्या फेलोकडे सोपवून श्रेय दोघांनाही द्यावे.

– एक वाचक