ऑर्किडची कुंडी मृगात बदलू नका

महोदय,

मृग लागला की कुंड्या बदलायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. जास्वंदीला, मोगऱ्याला ती मानवते, ऑर्किडला मानवत नाही. चार-पाच वर्षं जपलेली मोठी डेन्ड्रोबियम आणि कॅटलिया जातीची ऑर्किडं पावसाळ्यात कुजतात, त्यातली कितीतरी जूनमध्ये हलवलेली असतात. मुळं कापली की जखम सुकायला कोरडी हवा लागते. जून-जुलैच्या दमटपणात ती ओलीच राहते, बुरशी आत शिरते आणि गौरी-गणपतीपर्यंत झाड बुडातून काळं पडलेलं असतं.

कोल्हापूरच्या हवेत यासाठी योग्य काळ म्हणजे महाशिवरात्र ते गुढीपाडवा. पण नुसतं पंचांग पाहू नका, झाड पाहा. नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं अर्धा सेंटिमीटर दिसू लागली की कुंडी बदला. ती मुळं नव्या कुंडीत शिरतात, वळवाच्या पावसापर्यंत धरतात आणि पुढचा पावसाळा झाड सहज काढतं. फुलं असतील तर ती उतरू द्या. दरवर्षी बदलण्याचीही गरज नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे कुजून चिखल झाले असतील किंवा कंद (खोडाचे जाड, फुगीर भाग) कुंडीबाहेर लोंबत असतील तरच हात घाला. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. डेन्ड्रोबियमला तर लहान, तंग कुंडीच आवडते.

आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मुळं लवचिक होतात. मातीच्या कुंडीला मुळं आतून घट्ट चिकटतात. ओढू नका, कुंडी फोडा. शंभर रुपयांची कुंडी वाचवताना वर्षभराची मुळं तुटतात. जुनं सगळं काढून टाका. रोपवाटिकेतून आलेल्या झाडाच्या मुळांत, अगदी मधोमध, मॉसचा (वाळलेल्या शेवाळाचा) किंवा स्पंजचा बोळा अनेकदा असतो; तो बाहेरून दिसत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. आता एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. चांगलं मूळ पांढुरकं आणि टणक लागतं. कुजलेल्याची साल बोटांत निसटून येते आणि मागे तारेसारखा दोरा उरतो. ते कापायचं. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून, थंड करून घ्यायची आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा तापवायची, कारण ऑर्किडचे विषाणू पात्याला लागलेल्या रसातून पसरतात आणि त्यांवर औषध नाही. झाड विभागायचं असेल तर प्रत्येक भागात किमान तीन-चार कंद ठेवा. पानं गळालेले कंद मेलेले नसतात, नव्या कोंबाला तेच पोसतात. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर सांडू देऊ नका. ती मुळं सुकवते. मग झाड रात्रभर सावलीत उघडं ठेवा.

माती आणि शेणखत अजिबात नको. ही झाडं फांद्यांवर वाढणारी. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी पटकन शोषतं आणि मग त्याला सुकायला वारा हवा असतो. लाकडी कोळसा आणि चांगल्या भाजलेल्या विटेचे किंवा जुन्या कौलाचे तुकडे समप्रमाणात घ्या, एक ते दीड इंचाचे. चुरा चाळून टाका, तुकडे धुऊन घ्या. नारळाची सोडणं एक चतुर्थांशपेक्षा जास्त नकोत आणि तीही दोन दिवस भिजवून, पाणी तीनदा बदलून. त्यांतला क्षार मुळांची टोकं जाळतो. कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या. कुंभाराला आधी सांगितलं तर तो ओल्या कुंडीलाच बाजूने भोकं पाडून देतो, ती सर्वांत उत्तम.

लावताना जुने कंद कडेला टेकवा आणि नव्या कोंबासमोर मोकळी जागा सोडा. कंदांना जोडणारा आडवा दांडा तुकड्यांच्या वरच राहिला पाहिजे. तो पुरला की कुजतो. झाड काठीला सुती चिंधीने असं बांधा की ते तसूभरही हलणार नाही. हलणाऱ्या झाडाची मुळांची टोकं घासून तुटतात, आणि कुंडी बदलल्यावर झाड सहा-सहा महिने थिजून बसतं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पहिले पाच-सहा दिवस मुळांना पाणी नको, सकाळी पानांवर फवारा पुरे. नवी मुळं दोन इंच झाली की 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुवा. बोअरचं पाणी देत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर महिन्यातून दोनदा धुवा.

शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत झाडं पारदर्शक पत्र्याखाली घ्या आणि पाणी पूर्ण बंद करा. फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची कुंडी तिरकी ठेवा, म्हणजे पानांच्या गाभ्यात पाणी साचणार नाही. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. मुळांची कोवळी टोकं त्या एका रात्रीत खातात.

पावसाळी सहलीत आंबा, गगनबावडा, दाजीपूर भागातून सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड उपटून आणणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे, ते तिथेच राहू द्या. अभयारण्यातून झाड काढणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि जंगलातल्या सालीला चिकटलेली मुळं उपटताना तुटल्यावर ते झाड गॅलरीत सहसा जगत नाही.

आणि रोपवाटिकाचालकांना एक विनंती. मोठ्या फुलांचं सिम्बिडियम हे ऑर्किड डोंगराळ थंड भागातलं. कळी धरायला त्याला रात्री 10 ते 15 अंशांचा गारवा आठवडेच्या आठवडे लागतो. आपल्याकडे तो इतके दिवस सलग क्वचितच मिळतो, त्यामुळे विकत घेतलेला पहिला बहर सरला की पुन्हा फूल येणं कठीण. लोक वर्षानुवर्षं खत बदलत, स्वतःला दोष देत बसतात. हे विकतानाच सांगा आणि प्रत्येक कुंडीवर जातीचं नाव लिहून द्या.

– एक वाचक, कोल्हापूर