आता फोन बाबांनी उचलायचा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून आधी घाबरून जाऊ नका. माझी तब्येत चांगली आहे, काम नेहमीसारखं चालू आहे, जेवणझोप वेळेवर आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी बोलते ते बाबांपर्यंत पोचतच नाही. मी बोलते, आई ऐकते, मग आई बाबांच्या कानाशी जाऊन सांगते. आणि आई, तू गाळून सांगतेस. माझं दहा मिनिटांचं बोलणं तू "बरी आहे म्हणतेय" एवढ्यात उरकतेस. तुला बोल लावत नाही गं, दिवसभर सगळं दोनदा बोलून कुणीही थकेल. पण आज जे सांगायचंय ते दोघांनाही शब्दन् शब्द कळायला हवं. म्हणून बाबा, हे तुम्ही स्वतः वाचा. चष्मा लावून, खिडकीपाशी बसून.

एक टॅब पाठवलाय. पाठवायचा विचार चाललाय असं नाही, पाठवून झालाय. पत्राच्या मागोमाग पोचेल. परत पाठवायचं नाव काढू नका. तुम्हाला न विचारता केलं हे मला टोचतंय, पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "मला सगळं ऐकू येतं," आणि आई म्हणाली असती, "कशाला उगीच खर्च." ही दोन वाक्यं मी तीन वर्षं ऐकतेय आणि तीन वर्षं गप्प बसतेय. आता नाही बसवत.

कारणही सांगते. मागच्या खेपेला मी आले होते, तेव्हाची ती शेवटची रात्र. दादा, वहिनी, मुलं, आत्या, सगळे एकदम बोलत होते. मी काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. बाबा, तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय म्हणालीस?" मी म्हणाले, "काही नाही, बाबा." तुम्ही मान हलवलीत, सगळ्यांबरोबर थोडं हसलात आणि थोड्या वेळाने उठून आत गेलात. मी पाणी आणायला आले तेव्हा तुम्ही पेपर उघडून बसला होतात. शब्दकोड्याचं पान होतं. ते कोडं तुम्ही सकाळीच सोडवलं होतं, सगळे चौकोन तुमच्या अक्षरांनी भरलेले होते, आणि तरी तुम्ही पेन हातात धरून त्याच पानाकडे बघत होतात.

मी काही न बोलता परत फिरले. ते पान अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

लहानपणी माझा कान फुटायचा तेव्हा रात्रभर कोण बसायचं? आई दिवसभर दमलेली असायची, म्हणून तुम्ही मला मांडीवर घ्यायचात आणि तळहात एकमेकांवर घासून गरम करून माझ्या कानावर ठेवायचात. हात गार झाला की पुन्हा घासायचात. मी एकच प्रश्न दहादा विचारला तरी दहादा उत्तर द्यायचात. "काही नाही" असं तुम्ही मला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

घरी परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. त्यातली एक गोष्ट दोघांनाही कळायलाच हवी. आतल्या कानात शंखासारखा एक वळणदार भाग असतो, त्यात साधारण १५,००० बारीक केसपेशी असतात. त्या एकदा गेल्या की नव्याने येत नाहीत. वयानुसार आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. माणसाच्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, ट, फ यांची फुसफुस वरच्या पट्टीत. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' तिन्ही सारखेच लागतात. आई "काठी कुठे ठेवलीत?" विचारायची आणि बाबा "पाठ बरी आहे आता" म्हणायचे, आठवतं? आम्ही म्हणायचो, बाबांचं लक्षच नसतं. बाबा, तुमचं लक्ष होतं. तुमच्यापर्यंत शब्दाचा अर्धाच भाग पोचत होता आणि उरलेला तुम्ही अंदाजाने भरत होतात. त्या अंदाजासाठी किती कष्ट पडत असतील, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि आई, म्हणूनच ओरडून उपयोग होत नाही. ओरडलं की 'आ' मोठा होतो, 'स' तेवढाच राहतो. वर बाबांना वाटतं तू रागावलीस. तू रागावलेली नसतेस, घसा बसलेला असतो तुझा.

यात कमीपणा वाटण्यासारखं काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीच्या पुढच्या माणसांमध्ये चारांत एकाहून जास्त जणांना अडचण व्हावी इतपत कमी ऐकू येतं. चष्मा लावताना आपण कुठे लाजलो?

आता टॅबविषयी. त्यात गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं ॲप घालून ठेवलंय. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द पडद्यावर मराठीत उमटत जातात. बाबा, तुम्हाला यंत्रांच्या गोष्टी आवडतात, म्हणून याची गोष्ट सांगते. हे ज्यांच्या खटपटीतून झालं त्यातले एक दिमित्री कानेव्हस्की. त्यांना स्वतःला अगदी लहानपणापासून ऐकू येत नाही आणि त्यांची सगळी कारकीर्द बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांवर काम करण्यात गेली. गूगलमध्ये बैठक असली की त्यांच्यासाठी कुणीतरी दुसरीकडे बसून ऐकायचं आणि भराभर टाइप करायचं. त्याची आधीपासून व्यवस्था करावी लागे. वाटेत कुणी सहज दोन शब्द बोललं तर काय करायचं? त्यातून हे निघालं. गॅलोडेट हे बहिऱ्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांबरोबर घासूनपुसून २०१९ च्या फेब्रुवारीत ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्याही कितीतरी आधी, १९६४ मध्ये, रॉबर्ट वाइटब्रेख्ट या ऐकू न येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनला टेलिप्रिंटर जोडला होता. टाइप केलेल्या अक्षरांचे सूर व्हायचे, ते तारेतून जायचे आणि पलीकडे सुरांची पुन्हा अक्षरं व्हायची. तुम्ही रेडिओ उघडून बसायचात ना, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर तुम्ही जेवायला उठला नसतात.

पण मला सगळ्यात लागली ती तिबो द्यूशमँ नावाच्या मुलाची गोष्ट. घरात सगळे बहिरे, ऐकू यायचं त्याला एकट्यालाच. लहानपणापासून तो घरच्यांचा कान होता. मोठा झाल्यावर, २०१४ मध्ये, त्याने आवा नावाचं ॲप सुरू केलं, घोळक्यात कोण काय बोलतंय ते लिहून दाखवणारं. ते वाचलं आणि आई, मला तू दिसलीस. तूही अशीच बाबांचा कान झालीयेस. शेजारी आले की तू, दारात कुणी आलं की तू, बँकेत तू. स्वतःच्या मैत्रिणींशी बोलतानाही अर्धं लक्ष बाबांकडे.

दवाखान्यातलं तर मी स्वतः पाहिलंय. डॉक्टर तोंडावर मास्क लावून तुझ्याकडे बघत विचारत होते, "यांना रात्री झोप लागते का?" बाबा समोर बसले होते! त्यांच्या झोपेबद्दल त्यांनाच कुणी विचारलं नाही. आता पुढच्या वेळी टॅब टेबलावर डॉक्टरांच्या बाजूला ठेवायचा आणि उत्तर बाबांनी द्यायचं. आई, तू बरोबर जा, पण मध्ये बोलू नकोस. जमेल तुला. अवघड जाईल, पण जमेल.

मी चार दिवस कानांत कापूस घालून स्वतः वापरून पाहिलंय. तो चुकतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी बाबा तो कपाटात ठेवतील. शब्द उमटतो, मग पुढचा शब्द आला की मागचा बदलतो. मी बोलले "बाबांचा कान", तर आधी "बाबांचा काम" आलं आणि वाक्य पुरं झाल्यावर आपोआप "कान" झालं. म्हणजे वाक्य संपेपर्यंत धीर धरायचा. नावं हमखास चुकतात. "आत्या आली होती" याचं एकदा त्याने "हत्या झाली होती" केलं. असलं काही दिसलं तर घाबरू नका, विचारा. आणि गोळ्यांच्या बाबतीत त्याच्यावर अजिबात विसंबायचं नाही. एखादा 'नाही' गळला तर "ही गोळी घ्यायची नाही" याचं "ही गोळी घ्यायची" होतं. गोळीचं नाव, किती, कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्यायचं. यात मला काहीही कारण ऐकायचं नाहीये.

टॅब बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, तुमच्या मांडीवर नको. पडद्यावर वर एका कोपऱ्यात एकात एक अशी दोन वर्तुळं दिसतील. आतलं वर्तुळ खोलीतला गोंगाट दाखवतं, बाहेरचं बोलणाऱ्याचा आवाज. दोन्ही एकमेकांना भिडायला लागली तर टीव्ही बंद करा किंवा पंखा कमी करा. एका वेळी एकानेच बोलायचं, हे मी दादाला आणि मुलांना वेगळं बजावलंय. अक्षरं मी सगळ्यात मोठी करून ठेवलीयेत, त्यामुळे एका वेळी थोड्याच ओळी दिसतील, पण डोळ्यांना ताण येणार नाही. मागच्या ओळी बोटाने वर सरकवून वाचता येतात. बाबांचं नाव कुणी घेतलं की टॅब थरथरेल, तेही लावून ठेवलंय. बरोबर एक उभा स्टँड आहे, तो तुमच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवा. उजव्या हाताला दिवा असतो, त्याची झाक पडद्यावर येईल. चार्जरची वायर लांब घेतलीय, वाकावं लागणार नाही.

नेट लागतं याला, ते गेलं की शब्द येत नाहीत किंवा भलतेच येतात. तेव्हा चिडायचं नाही, वही काढायची.

दारावरची बेल वाजली किंवा धोक्याचा गजर झाला तर फोनवर सूचना येण्याची सोयही असते. ती मी बाबांच्या फोनवर पुढच्या खेपेला येऊन लावून देईन. आई बाहेर गेली की मला त्याचीच काळजी असते. पण तेवढ्यावर सगळी भिस्त नको. आई, तू बाहेर पडताना शेजारी सांगून जायचं, ते तसंच चालू ठेव.

आणि कानाचं मशीन. बाबा, ते डबीत आहे, मला माहीत आहे. त्यात सगळंच मोठं ऐकू येतं, भांडी आपटल्यासारखी वाटतात, हे तुम्ही सांगितलंत आणि आम्ही "सवय होईल" म्हणून सोडून दिलं. ते चुकलंच आमचं. ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, एकदा नाही, तीनचारदा. मी येईन तेव्हाची तपासणीची वेळ घेऊन ठेवलीय. हो, तीही न विचारता. टॅब आला म्हणून मशीनची सुट्टी नाही. वाचणं वेगळं, नातवाचा आवाज कानावर पडणं वेगळं. शिवाय एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर "बघू उद्या" म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. त्यावर लगेच उपचार झाले तरच फायदा होतो.

फार हुकूम सोडतेय ना? आई म्हणेल, अगदी बाबांवर गेलीय. मी तिथे राहत असते तर यातलं काहीच लिहावं लागलं नसतं, रोज समोर बसून सावकाश बोलले असते. ते मला जमत नाहीये. टॅब त्याची भरपाई आहे असं मी मानत नाही, तुम्हीही मानू नका. हे आपल्याला बोलता यावं म्हणून आहे, मी कमी यावं म्हणून नाही. येणं मी कमी करणार नाही.

आता रविवारचं ठरवूया. सकाळी दहाला मी व्हिडिओ कॉल करेन, आईच्या फोनवर नाही, बाबांच्या फोनवर. तो बाबांनी उचलायचा. फोनचा स्पीकर चालू ठेवायचा आणि टॅब त्याच्या अगदी शेजारी उभा करायचा. कॉल चालू असताना त्याच फोनवर हे ॲप नीट चालत नाही, म्हणून तर वेगळा टॅब पाठवला. आई, तू बाजूला बस, पण काही सांगू नकोस. बाबांना वाचायला वेळ लागला तरी थांब. मी पण थांबेन. त्यांनी "काय म्हणालीस?" विचारलं तर मी पुन्हा सांगेन, हवं तितक्यांदा.

त्या रात्री सगळे कशावर हसले, ते आधी सांगणार आहे. तशी लहानशीच गोष्ट होती, बाबा, आणि तुमच्याबद्दलचीच होती. चांगली होती. इथे लिहून टाकणार होते, पण ती तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवी.

तुमची,
मनू

ता. क. टॅब शनिवारी रात्रीच चार्जिंगला लावा. सकाळी नको, सकाळी विसरता.